मदत हवी आहे: ओढ्यातले हेरिंग एकदम कमी का झाले असतील?

मंडळी, मी मॅसॅच्युसेट्सच्या दक्षिण किनाऱ्याजवळ राहते. आमच्या गावच्या ओढ्यातून एप्रिल-मेमध्ये हेरिंग मासे समुद्रातून वर चढतात, तळ्यात अंडी घालतात आणि परत जातात. एलवाइफ आणि ब्लूबॅक अशा दोन जाती आहेत, इथले लोक दोघांनाही रिव्हर हेरिंगच म्हणतात. आपला पाला मासा (हिल्सा) नदीत चढतो तसाच प्रकार. काट्यांच्या बाबतीतही पाल्याचेच भाऊबंद!

मी हौशी मोजणीला जाते. फिश लॅडरपाशी (माशांना बांध चढता यावा म्हणून केलेल्या पायऱ्यांपाशी) दहा मिनिटं उभं राहायचं, चढलेले मासे मोजायचे, पाण्याचं तापमान लिहायचं. 2021 मध्ये सुरुवात केली तेव्हा चांगल्या दिवशी हातातलं काउंटर टकटक चालूच असायचं. गेले दोन हंगाम मात्र बहुतेक वेळा शून्य लिहून घरी येते.

पकडणाऱ्यांना दोष द्यावा, तर राज्यात 2005-06 पासून बंदी आहे. लॅडर साफ आहे, रस्त्याखालच्या मोरीत काही अडकलेलं नाही, मी स्वतः बॅटरी मारून पाहिलं. गावकरी म्हणतात, स्ट्राइप्ड बासने खाल्ले. पण तोच मासा कमी झालाय म्हणून त्याच्यावर निर्बंध आले आहेत, मग इतके खाल्ले कोणी?

मग काय असेल? गावच्या मीटिंगमध्ये नेमकं काय विचारू?

प्रतिसाद

ताई, तुम्ही वसंतातलं बघताय, मला शरद ऋतूतलं सांगा. हेरिंग साधारण तीन ते पाच वर्षांचे झाले की अंडी घालायला परत येतात. म्हणजे आज न आलेले मासे तीन-चार वर्षांपूर्वी तळ्यात पिल्लं होते. पिल्लं शरदात समुद्राकडे निघतात, तेव्हा 2022 च्या दुष्काळात तुमच्या तळ्याचं काय झालं होतं?

दुसरं, समुद्र. अटलांटिक हेरिंग आणि मॅकरेलच्या ट्रॉलरच्या (जाळं ओढत नेणाऱ्या बोटींच्या) जाळ्यात तुमचे रिव्हर हेरिंगही सापडतात. 2014 पासून त्यावर मर्यादा आहे. 2021 मध्ये अशा बोटींना किनाऱ्यापासून 12 सागरी मैल दूर ठेवलं होतं, तो नियम 2022 मध्ये कोर्टाने रद्द केला. त्यामुळे ते कारण खोडता येत नाही. पण शेजारच्या ओढ्यातले आकडे मिळवा. समुद्रामुळे होत असेल तर बहुधा तिथेही घट दिसेल. एकट्या तुमच्याकडेच असेल तर गोम तळ्यात आहे. मेन राज्यात केनेबेक नदीवरचं एडवर्ड्स धरण 1999 मध्ये आणि तिला वर येऊन मिळणाऱ्या सेबॅस्टिकूकवरचं फोर्ट हॅलिफॅक्स धरण 2008 मध्ये काढलं, तिथे आता लाखोंनी चढतात. नदी मोकळी असली की हा मासा लवकर सावरतो.

मूळ प्रश्नकर्ती

अहो, 2022 म्हटल्यावर एकदम आठवलं. सप्टेंबरात मी सहज तिकडे गेले होते. तळं इतकं उतरलेलं की पाणी बांधाच्या (पाणी अडवायला घालतात त्या) फळ्यांच्या हातभर खाली. लॅडर कोरडा ठणठणीत. फळ्यांच्या आतल्या बाजूला बोटाएवढी चंदेरी पिल्लं गोल गोल फिरत होती आणि एक बगळा पाय न हलवता आरामात जेवत होता. मी फोटो काढला आणि चक्क घरी आले! ती समुद्रात जायला निघालेली पिल्लं होती हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

शिवाय त्याच तळ्यातून क्रॅनबेरीच्या शेतांना पंपाने पाणी जातं, आणि कापणीला शेतं भरतात तीही शरदातच. शेतकऱ्यांशी भांडायचं नाहीये, तेही शेजारीच आहेत. पण बांधाच्या फळ्या कधी काढायच्या, कधी घालायच्या, हे कोण ठरवतं आणि त्याची वही कुठे असते? दुष्काळात निदान एक फळी काढून थोडी धार सोडून घ्यायची असेल तर अर्ज कोणाकडे करायचा? इथे कोणी गावच्या कॉन्झर्व्हेशन कमिशनवर (ओढे-तळी सांभाळणाऱ्या गावच्या समितीवर) काम केलं असेल तर प्लीज सांगा, मीटिंग पुढच्या गुरुवारी आहे.