शाळेत गो-कार्ट बनवायला शिकवावं का?

१३चा_पाना:
नववीपासून पुढच्या पोरांकडून वर्षभरात एक गो-कार्ट (छोटी, बुटकी, उघडी रेसची गाडी) बनवून घ्यायचीच असं माझं ठाम मत आहे आणि "उद्या काही झालं तर कोण बघणार" म्हणून निम्मा स्टाफ माझ्या मागे लागलाय. इंजिन ३६०० आरपीएम (मिनिटाला फेरे), पुढच्या स्प्रॉकेटला (चेनच्या दातेरी चाकाला) १० दाते, मागच्याला ६०, चाक २८ सेंमी व्यासाचं, तर गाडी ताशी किती पळेल? फळ्यावर विचारलं की सगळे घड्याळ बघतात, पण स्वतःची गाडी म्हटलं की शेवटच्या बाकावरचा पण वही काढतो (साधारण ३२ किमी येतं). आणि पहिली कार्ट १९५६ ला कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्सने बनवली, ती पण गवत कापायच्या मशीनच्या इंजिनवर.

आपलं_सहज:
इंगल्स रेसकारच्या कारखान्यात कामाला होता हो, ते बरं विसरलात 😀
असा एक प्रोजेक्ट मी जवळून बघितलाय. वेल्डिंग सरांनी केलं, ब्रेक सरांनी जोडला, चेन सरांनी बसवली, पोरांनी रंग दिला आणि स्टिकर चिकटवले. पानाबिना धरला तो ज्यांना घरी आधीपासून सवय होती त्याच तीन-चार जणांनी, आणि मुलींकडे काय तर नोंदवही. याला शिकवणं म्हणायचं?

ठिणगी_काका:
मग सरांना धरा, कार्टने काय घोडं मारलंय. आमच्याकडे नियम असा की प्रत्येकाने आधी भंगारातले दोन तुकडे जोडायचे, व्हाइसमध्ये धरायचे आणि दुसऱ्याने हातोडा घालायचा, तुटला की परत. वरून चकाचक दिसणारा वेल्ड आत धरलेलाच नसतो हे सांगून कळत नाही, तुटल्यावर कळतं. (गॅल्वनाइज्ड पाइप मात्र पोरांना देऊ नका, जस्ताच्या धुराने ताप भरतो.)
आता खरी गंमत. आमची पहिली गाडी सरळ मस्त पळायची आणि वळायचीच नाही, स्टिअरिंग पूर्ण फिरवलं तरी पुढची चाकं घासत सरळच. पोरांनी टायर बदलून बघितले, हवा कमी-जास्त केली, एकमेकांवर ढकलून झालं. कार्टला डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नसतो, मागची दोन्ही चाकं एकाच ॲक्सलवर सारखीच फिरणार, म्हणून वळताना आतलं मागचं चाक जरा उचललं जावं लागतं, आणि ते उचलतं पुढच्या किंगपिनच्या (पुढचं चाक जिच्याभोवती वळतं त्या खिळीच्या) तिरकेपणामुळे. आमच्यांनी किंगपिन अगदी ओळंब्यात सरळ उभी ठोकली होती, सुबक दिसते म्हणून! हे एका मुलीने शोधलं, नोंदवहीवालीनेच, कारण मापं तिच्याकडेच होती. ग्राइंडरने कापून पुन्हा जोडली.

आपलं_सहज:
हे आवडलं, खोटं कशाला बोलू. पण हे सगळं इंजिनाशिवाय पण झालं असतं ना? उतारावरून सोडा. वेग २० चा ४० झाला की ब्रेकला चौपट ऊर्जा जिरवायची असते, आणि फिरत्या ॲक्सलमध्ये केस किंवा स्कार्फ अडकून माणसं गेलीयत.

१३चा_पाना:
उतारावर स्प्रॉकेटचं गणितच गेलं की. चेनला ॲक्सलला गार्ड, केस हेल्मेटच्या आत, इंजिन झटकन बंद करायचा किल स्विच हाताशी. नाहीतर ४८ व्होल्टची मोटर लावू, कंट्रोलरमध्ये स्पीड बांधून टाकता येतो.

मागचा_बाक:
आणि बॅटरीच्या दोन टर्मिनलवर पाना आडवा पडला की? तो पण १३चाच असणार बहुतेक 😂

ठिणगी_काका:
हसू नका, पाना लाल होतो. हँडलला टेप गुंडाळायला लावतो मी.

आपलं_सहज:
बरं सर एक सांगा, तुमच्या वर्गात पोरं तीस. फ्रेम किती करणार?

१३चा_पाना:
एक.
म्हणजे सध्या तरी एकच.