लॅपटॉपची रॅम पुन्हा बदलता येणार, पण फायदा नेमका कोणाचा?

चौकस: मेमरीची मानके ठरवणाऱ्या जेडेक संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये कॅम२ हे रॅमच्या सुट्या, बदलता येणाऱ्या पट्टीचे (मॉड्यूलचे) मानक प्रसिद्ध केले. त्याचा एलपीकॅम२ हा प्रकार मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण पातळ लॅपटॉपमध्ये कमी वीज खाणारी एलपीडीडीआर रॅम आजवर मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असे आणि खरेदीच्या दिवशी आठ जीबी घेतली, की शेवटपर्यंत आठच. आता त्याच चिप एका सपाट मॉड्यूलवर बसतात आणि ते स्क्रूंनी आवळले जाते. लेनोवोच्या थिंकपॅड पी१ च्या सातव्या पिढीत २०२४ मध्ये ते आलेही. हे ग्राहकाच्या हिताचे आहे, असे माझे मत आहे.

जुना_गडी: असहमत. माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये सो-डिमचे, म्हणजे रॅमची छोटी पट्टी खोचायचे, दोन स्लॉट होते. एकात आठ जीबी होती, दुसऱ्यात तेवढीच आणून बसवली आणि काम भागले. एलपीकॅम२ चे एकच मॉड्यूल प्रोसेसरकडे जाणाऱ्या १२८ बिटांच्या मार्गाची पूर्ण रुंदी व्यापते, त्यामुळे भर घालता येत नाही. जुने काढून नवे पूर्ण किमतीला घ्यायचे आणि जुने खणात टाकायचे. शिवाय असे मॉड्यूल कोपऱ्यावरच्या दुकानात कधी मिळणार?

तारजोड: सो-डिमची आठवण मलाही येते, पण वेग वाढला की स्लॉटमधून जाणारा लांबचा मार्ग सिग्नलला झेपत नाही. डीडीआर५ पिढीची सो-डिम ६४०० एमटी/से (सेकंदाला दशलक्ष ट्रान्सफर) च्या आसपास अडखळते, तर एलपीकॅम२ ची सुरुवातच ७५०० च्या घरात झाली. अर्थात यालाही मर्यादा आहेत. दुरुस्तीसुलभतेसाठी ओळखल्या जाणाऱ्या फ्रेमवर्क कंपनीने २०२५ च्या डेस्कटॉपमध्ये रॅम सोल्डरच केली, कारण त्यातल्या एएमडीच्या रायझेन एआय मॅक्स प्रोसेसरच्या २५६ बिटांच्या मार्गावर सुटे मॉड्यूल जमले नाही.

चौकस: जुना_गडी यांचा किमतीचा मुद्दा मान्य आहे, परंतु तुलनाच चुकते आहे. या पातळ लॅपटॉपमध्ये सो-डिम नव्हतेच. तुलना करायची ती सोल्डर केलेल्या रॅमशी. माझ्या लॅपटॉपची एक चिप बिघडली, तेव्हा सेवा केंद्राने सांगितले, "बोर्डच बदलावा लागेल," आणि तो खर्च जवळपास नव्या लॅपटॉपएवढा निघाला. तिथे खणात पडलेले मॉड्यूल मला परवडले असते.

जुना_गडी: बिघाडापुरते मान्य. पण ते मॉड्यूल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेपर्यंत मी दोन स्लॉटवालाच लॅपटॉप घेईन, मग तो बोटभर जाड का असेना.