चौदा रीच आणि नावापुरती एक सेफ्टी

एडिसनची आई
"पोरगी हुशार असेल तर सेफ्टी शोधत कशाला बसायचं? चौदा रीच टाका, रट्गर्स पडलंय की दारात." अमेरिकेतल्या कॉलेजच्या अर्जांबद्दल गेल्या आठवड्यात वाकडेवाडी यांनी इथे दिलेला हा सल्ला. रीच म्हणजे जिथे प्रवेश अवघड ते कॉलेज, सेफ्टी म्हणजे जिथे तो नक्की ते, आणि रट्गर्स हे आमच्या न्यू जर्सीचं सरकारी विद्यापीठ. त्यातलं ते 'पडलंय' दोन रात्री डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहिते.

माझी थोरली २०२३ मध्ये हायस्कूलमधून बाहेर पडली. एसएटी या प्रवेशपरीक्षेत १५५०, शाळेतच केलेले कॉलेजच्या पातळीचे अकरा एपी विषय, व्हायोलिन. सोळा अर्ज केले, त्यातले बारा रीच. यादी कशी केली, तर मंडळाच्या गणपतीत पंगतीला जी नावं कानावर पडली ती लिहून घेतली. मार्चअखेरीस एका संध्याकाळी सात वाजता चार नकार एकदम आले. तिने दार लावून घेतलं आणि मी बाहेर वरणभाताचं ताट घेऊन उभी. सेफ्टी समजून टाकलेल्या एका परराज्यातल्या विद्यापीठाने घेतलं, पण सीएसला (कॉम्प्युटर सायन्सला) नाही, 'अनडिक्लेअर्ड' म्हणून, म्हणजे मुख्य विषय न ठरवता. वर खर्च वर्षाला साठ हजार डॉलर. असली कसली सेफ्टी?

प्रवेश नक्की हवा, तोही हव्या त्या मेजरला, म्हणजे मुख्य विषयाला. कर्ज न काढता पैसे भरता यायला हवेत. आणि पोरीला तिथे जावंसं वाटलं पाहिजे. यातलं एक जरी नसेल तरी माझ्या लेखी ती सेफ्टी नाही. अर्बाना-शँपेनच्या इलिनॉय विद्यापीठात सरसकट शंभरातले चाळीसेक घेतात हे बघून लोक त्याला मॅच, म्हणजे आवाक्यातलं, म्हणतात. सीएसला शंभरातले दहासुद्धा घेत नाहीत. सिॲटलला वॉशिंग्टन विद्यापीठात तीच गत. एकदा सीएसबाहेर राहिलात की आत शिरायचं विसरा. आधी दोन सेफ्टी शोधा, पोरांना तिथे फिरवून आणा, मग वर चढा.

वाकडेवाडी
ते वाक्य माझंच, आणि मी मागे घेणार नाही. ताई, तुमचं दुःख कळलं, निष्कर्ष पटला नाही. कॉमन ॲप, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज, वीस कॉलेजं देतं, ती वापरावीत. माझ्या मुलाने सतरा ठिकाणी अर्ज केले. होकार फक्त तीन, आणि त्यातला एक यादीतल्या सगळ्यात वरच्या कॉलेजचा. तुमच्या हिशेबाने गेलो असतो तर तो अर्ज आम्ही भीतीपोटी गाळलाच असता. पैशाचं म्हणाल तर हार्वर्ड आणि एमआयटी २०२५ पासून दोन लाख डॉलरपर्यंत उत्पन्नाच्या घरांना ट्यूशन फी लावत नाहीत. कित्येक घरांना रट्गर्सपेक्षा हार्वर्ड स्वस्त पडेल.

सॅन होजेकर
पडेल, आधी आत घेतलं तर! शंभरातल्या पंच्याण्णवांना घेतच नाहीत.

आमच्याकडे वेगळीच तऱ्हा. यूसीचा, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठाचा, अर्ज एकच, कॅम्पस नऊ, आणि एसएटी ते बघतच नाहीत. १५८० घेऊन बसा घरात. माझ्या मुलाने हे सगळं पाहून बारावीनंतर सरळ कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांचं स्थानिक सरकारी कॉलेज) धरलं, दोन वर्षांनी टॅगवर, म्हणजे तिथून यूसीत प्रवेशाच्या हमीवर, डेव्हिसला गेला. आमच्या घरातली खरी सेफ्टी ती होती.

वाकडेवाडी
अहो, विषय काय, तुम्ही बोलताय काय? धागा हुशार मुलांबद्दल आहे. अकरा एपी केलेल्या पोरीला कम्युनिटी कॉलेजात घालायचं? ज्यांना कुठेच मिळत नाही त्यांची ती जागा.

सॅन होजेकर
हेच. हेच ऐकत आलोय तीन वर्षं. दिवाळीच्या कार्यक्रमात एका बाईंनी माझ्या बायकोला बाजूला घेऊन विचारलं, "तो आजारी वगैरे होता का?" मुलगा तिथेच उभा होता. त्यानंतर तो मंडळात आलेला नाही.

टॅगची हमी सहा कॅम्पसची: डेव्हिस, अर्व्हाइन, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ, रिव्हरसाइड, मर्सेड. काही मेजर वगळलेले असतात, तेवढं तपासावं लागतं. बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो त्यात नाहीत, पण तेही कम्युनिटी कॉलेजमधून मुलं घेतात. ठरलेले कोर्स, ठरलेला जीपीए (गुणांची सरासरी), आणि हमी लेखी. तुमच्या सतरा अर्जांपैकी कुणी दिली होती तुम्हाला लेखी हमी? सांगाच.

रात्रपाळी
मी न्यू जर्सीत नर्स आहे, घरात पगार माझा एकटीचा. लेक शाळेत वरच्या पंधरा टक्क्यांत होती म्हणून एनजे स्टार्स ही राज्याची शिष्यवृत्ती मिळाली, काउंटी कॉलेजची (इथलं कम्युनिटी कॉलेजच ते) ट्यूशन फी माफ. मग असोसिएट ही दोन वर्षांची पदवी घेऊन सरकारी विद्यापीठात गेली आणि क्रेडिट सगळे धरले, कारण या राज्यात तसा कायदाच आहे. वाकडेवाडी साहेब, माझ्या लेकीला कुठेच मिळत नव्हतं असं नाही. मिळत होतं, परवडत नव्हतं. हार्वर्डच्या मदतीचं तुमचं गणित बरोबर आहे, हे मान्य करते. आमच्यासारख्यांनी एक-दोन रीच टाकायलाच हवेत. पण शब्द जपून वापरा.

रांगेतला बाप
तुम्ही सगळे ग्रीन कार्ड हातात असल्यासारखं बोलताय. मुलगा चार वर्षांचा असताना इथे आणला. आज बारावीत आहे, अजून एच-४ वर, म्हणजे आमच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून. फेडरल मदत नाही. राज्य विद्यापीठ आम्हाला इन-स्टेट, म्हणजे राज्यातल्या रहिवाशांची, फी लावेल, एवढा एकच आधार. बहुतेक खाजगी कॉलेजं मदत देताना त्याला 'इंटरनॅशनल' धरतात, आणि परदेशी मुलांना ऐपत न बघता घेणारी मोजकी आहेत, तीही सगळी रीच. शिवाय एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो, म्हणजे ऐन तिसऱ्या-चौथ्या वर्षात एफ-१ या विद्यार्थी व्हिसाची धावपळ. आमचं रीच काय नि मॅच काय, ते व्हिसा ठरवतो. यावर कुणी धागा काढत नाही.

वाकडेवाडी
भरकटला धागा. ठीक आहे, कम्युनिटी कॉलेजबद्दलचं ते वाक्य मागे घेतो. रात्रपाळी ताई, माफ करा. सॅन होजेकर, लेखी हमी कुणी दिली नव्हती, हेही खरं. पण यादीबद्दल तसूभर हलणार नाही. सतराव्या वर्षी पोराला "तुझी झेप इथपर्यंतच" असं आई-बापांनी सांगू नये. मला माझ्या वडिलांनी सांगितलं होतं. सीओईपी मिळण्यासारखं असताना घराजवळचं कॉलेज भरायला लावलं, कारण ते 'नक्की' होतं. पंचवीस वर्षं झाली, अजून सलतं. आणि एवढी भीती असेल तर ईडी टाका (अर्ली डिसिजन, एकाच कॉलेजला आधी केलेला बांधील अर्ज), डिसेंबरात मोकळे.

एडिसनची आई
वडिलांचं आधी सांगितलं असतंत तर मी इतकी चिडले नसते.

पण ईडीचं नाही पटत. सही केली की बांधलात. मदत पुरेशी नसेल तर सोडतात म्हणे, पण पुरेशी किती ते कॉलेजच्या हिशेबाने. दोन आयटी पगारांच्या घराला कॉलेजच्या साइटवरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर मदत वजा जाता काय आकडा दाखवतो, ते ईडीच्या १ नोव्हेंबरच्या मुदतीआधी नवरा-बायकोने शेजारी बसून बघावं. आमच्याकडे वर्षाला नव्वद हजारांतले ऐंशी आमचेच निघाले.

धाकटीची यादी सध्या दहाची आहे. रट्गर्स त्यात पहिलं लिहिलंय. परवा तिथल्या बुश कॅम्पसवर नेलं होतं, बसमध्ये शेजारच्या मुलीशी इतकी बोलत बसली की आमचा स्टॉप चुकला. रीच तीन होते. काल तिने चौथं विचारलं, तेव्हा वाकडेवाडींचं आठवून हो म्हटलं. पाचव्याला नाही म्हणणार आहे.

रांगेतला बाप, तुमचं राज्य कोणतं आणि मुलाला कशात जायचंय ते लिहा. आमच्या शेजाऱ्यांच्या मुलीने गेल्या वर्षी एच-४ वरूनच अर्ज केले होते. तिच्या आईशी बोलून कळवते.