मरीनात बांधलेल्या बोटीवर वादळाच्या रात्री राहावे का?

निवृत्त शिक्षक, परभणी:
माझी लेक आणि जावई इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनजवळच्या एका मरीनात, म्हणजे छोट्या बोटी बांधून ठेवण्याच्या बंदरात, शिडाच्या बोटीवर राहतात. घरभाडे परवडेना म्हणून मांडलेला हा संसार आता त्यांच्या अंगवळणी पडला आहे आणि त्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु हिवाळ्यात तिकडे एकामागून एक वादळे येतात, आणि दर वेळी ‘आम्ही बोटीवरच आहोत, काळजी करू नका’ असा निरोप आला की आमच्या घरी कोणाच्या डोळ्याला डोळा लागत नाही. पूर्णा आणि दुधना यांपलीकडे फारसे पाणी न पाहिलेल्या माणसाने त्यांना नेमके काय विचारावे, आणि ‘आज रात्री मित्राकडे झोपा’ असा आग्रह केव्हा धरावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

माजी बोसन (जहाजावरील खलाशांचा मुकादम), लातूर:
गुरुजी, मरीनाला बाहेरून बांध असतो. तो लाटा बऱ्याच अंशी अडवतो, वारा मात्र अडवत नाही. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे 30 नॉटचा (ताशी सुमारे 55 किलोमीटरचा) वारा 60 नॉटवर गेला, तर दोरांवरचा ताण दुप्पट नव्हे, चौपट होतो. 18 फेब्रुवारी 2022 रोजी युनिस वादळात साउथॅम्प्टनजवळच्या आयल ऑफ वाइट बेटाच्या नीडल्स या टोकावर ताशी 122 मैलांचा झोत नोंदला गेला होता. ते टोक उघड्यावर आहे, मरीनात तेवढा जोर नसतो. तरी मुलखाची कल्पना यावी म्हणून सांगितले.

चांगला दोर ताणाने क्वचितच तुटतो, तो घासून तुटतो. नायलॉनचा दोर प्रत्येक झोताला ताणतो आणि पुन्हा आखडतो, आणि बोटीच्या कडेवर तोच चार बोटांचा भाग रात्रभर घासला जातो. तेथे जाड कापड किंवा जुन्या होजचा तुकडा गुंडाळून पक्का शिवलेला आहे का, हे विचारा. दुसरा जादा दोर वेगळ्या क्लीटला (दोर अडकवायच्या खुंटीला) बांधावा, कारण एकाच क्लीटवर दोन्ही दोर असले आणि तोच उखडला, तर दोन्ही गेले. पुढचे गुंडाळलेले शीड वादळाआधी उतरवून आत ठेवावे. वाऱ्याला त्यात एक घडी सापडली की शीड उलगडते, फडफडून फाटते आणि बोट शेजाऱ्याच्या अंगावर कलते. रात्री तासातासाने वर येऊन दोर पाहावेत.

पैठणहून:
नाथसागरावर वळवाच्या वाऱ्यात आमचे मच्छीमार आधी हे पाहतात की वाऱ्याला मोकळे पाणी किती लांबवर मिळते. पाणी उथळ आणि पल्ला लांब असला की लाटा आखूड आणि उभ्या होतात, आणि बांधलेली होडी त्याच जास्त ठोकतात. म्हणून मरीनाचे तोंड कोणत्या दिशेला आहे आणि वारा कोणत्या दिशेने येणार आहे, हे एकत्र विचारा.

दुसरे असे की, तिकडचा तरंगता धक्का खांबांवर वरखाली सरकतो. हवेचा दाब एक मिलिबारने घटला की समुद्राची पातळी साधारण एक सेंटिमीटर चढते, आणि वारा पाणी ढकलतो ते वेगळेच. मोठ्या भरतीच्या वेळीच वादळ आले, तर धक्का वरून निसटू नये इतकी खांबांची उंची पुरेल ना, हे मरीनाच्या कार्यालयाला विचारता येते.

छत्रपती संभाजीनगरहून, पूर्वी बोटीवर राहिलेली:
बोसनकाकांचे दोरांविषयीचे सगळे मान्य, पण तासातासाने वर येणे मला मान्य नाही. अशा रात्री बोट धक्क्यापासून हातभर दूर जाते आणि लगेच त्यावर आदळते, लाकडी फळ्या ओल्या असतात, आणि त्या फटीत पडलेल्या माणसाला हिवाळ्यातल्या थंड पाण्यात पहिल्याच मिनिटात श्वास आवरत नाही. वर यायचेच असेल, तर अंगात लाइफ जॅकेट हवे आणि दुसरा माणूस जागा हवा.

काका, तुमच्या आग्रहाची वेळ दुपारची आहे. बोट सोडायची असेल तर वारा चढण्याआधी आणि उजेड असताना सोडावी; मध्यरात्री घाबरून उतरणे हे राहण्यापेक्षा धोक्याचे. हीटरचेही विचारा. थंडी आत येऊ नये म्हणून झरोके बुजवले, किंवा वाऱ्याने धुराडे उलटे वाहू लागले, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत साठतो. त्याला वास नसतो, त्यामुळे चालू स्थितीतला अलार्म नसेल तर तेथे झोपूच नये.

निवृत्त शिक्षक, परभणी:
सर्वांचा आभारी आहे. अलार्म आहे आणि शीड उतरवून ठेवले आहे. जावईबापूंनी दोरांची छायाचित्रे पाठवली, त्यांत मागचा एक दोर धातूच्या कडेवर पिसलेला दिसतो. जादा दोर म्हणून जुनाच वापरावा, असे ते म्हणतात. चालेल का?

माजी बोसन, लातूर:
हातात घेऊन वाकवून पाहायला सांगा. उन्हाने आणि मिठाने कडक झालेला नायलॉन ताणत नाही, झटका थेट क्लीटवर देतो. तसा असेल तर तो फेंडर (बोट धक्क्याला घासू नये म्हणून कडेला टांगलेली उशी) बांधायला वापरावा आणि दोन्ही दोर नवे घ्यावेत. ताईंचे लाइफ जॅकेटचे म्हणणे बरोबर आहे. मोठ्या जहाजाची सवय मी छोट्या बोटीला लावली.