मदत हवी आहे: भिंतीवर आरेतल्या बिबट्याचे खरे ठिपके कसे आणायचे?

नमस्कार मंडळी,

आमची सोसायटी गोरेगाव पूर्वेला, आरे कॉलनीला लागून आहे. मागच्या कंपाउंडच्या भिंतीवर वारली चित्र काढायचं ठरलंय. पाडे, झाडं, भटकी कुत्री, आमच्या इमारती आणि या सगळ्यांतून रात्री फिरणारा बिबट्या. शेजारच्या पाड्यातले चित्रकार दादा भिंत रंगवणार आहेत. त्यांच्याकडे वाघबारशीला वाघोबाची पूजा होते, त्यामुळे वाघोबा, सूर्य, चंद्र कुठे यायचे हे तेच ठरवतील.

अडलंय ते ठिपक्यांपाशी. प्रत्येक बिबट्याच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी असते, अभ्यासक कॅमेरा ट्रॅपच्या (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याच्या) फोटोंत तो त्यावरूनच ओळखतात. डावी-उजवी कूसही सारखी नसते, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात. २०१५ साली याच पद्धतीने संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि परिसरात ३५ बिबटे मोजले गेले. आम्हाला त्यांच्यासारखाच इथला एखादा खराखुरा बिबट्या भिंतीवर हवाय. ट्रेसिंगचा कागद चुकून उलटा लागला, तर जगात नसलेलाच बिबट्या तयार होईल!

एका कुशीचा स्पष्ट फोटो मिळवायला वनखात्याकडे नेमका कुणाकडे अर्ज करायचा? फोटोची जागा आम्ही कुठेही सांगणार नाही. जंगलात स्वतः कॅमेरे लावायचे नाहीत, हे आधीच ठरलंय.

दुसरं, गेरूच्या भिंतीवर अंग पांढऱ्याने भरून ठिपके गेरूचे सोडायचे, की उलट? दादांच्या मते बांबूच्या काडीने पांढरे ठिपके देणं सोपं. मला मात्र पहिलं जास्त बिबट्यासारखं वाटतं. कुणी करून पाहिलंय का? भिंत पश्चिमेची, पावसाचा मारा थेट. तांदळाच्या पिठाचा रंग टिकणार नाही. ओल धरणाऱ्या भिंतीवर कोणता रंग वापरावा? दादांचं मानधन चौरस फुटावर धरतात की दिवसावर? त्यांचं नाव चित्रावर ठळक असणारच.

आणखी एक. काही सभासद म्हणतात, बिबटे पकडून लांब सोडा. जुन्नरमध्ये पकडलेले बिबटे दुसरीकडे सोडल्यावर माणसांवरचे हल्ले उलट वाढले, असं वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं. हे चित्राशेजारी चार ओळींत, घाबरवून न सोडता कसं लिहावं? मुलांनाही वाचता यायला हवं. मसुदा सुचवलात तर फार मदत होईल.