अनुभव धागा: दात गेलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला खाऊ काय देता?

आमचा सोनू पॉमेरेनियन, वय १४. लहान तोंडाच्या जातींचे दात दाटीवाटीने येतात, फटींत कीटण साचतं आणि हिरड्या लवकर सुटतात, हे डॉक्टरांनी मागेच समजावलं होतं. मोठ्या कुत्र्याला ४२ दात असतात. सोनूच्या तोंडात आता एक सुळा आणि मागे दोन-तीन दाढा राहिल्यात. जेवणाचं बरं चाललंय. मूगडाळ-तांदूळ गुरगुट्या शिजवून त्यात चिकनचं पाणी घातलं की ताटली चाटूनपुसून साफ. प्रश्न खाऊचा आहे. संध्याकाळी चहाचं आधण ठेवलं की तो उंबऱ्यावर येऊन बसतो. भूक नसते त्याला, आपल्या हातचा एक घास हवा असतो. तो मी बंद करणार नाही.

जळगावच्या दुकानांत मिळणारा बहुतेक खाऊ कडक, चावायचा. म्हणून हा धागा काढला. आपल्या घरात काय चाललं, काय घशाशी आलं, ते लिहा. कुत्र्याला साखर, किडनी असं काही असेल तर आधी ते सांगा, कारण एकाला मानवतं ते दुसऱ्याला बाधतं. खेड्यावरच्यांनी जरूर लिहा, घरच्या डब्यांतल्या वस्तू सगळ्यांच्या कामाच्या.

*केळीबाग, रावेर*

ताई, आमच्याकडे उत्तर मळ्यातच आहे. वाघ्या गावठी, बारा-तेरा वर्षांचा, पुढचे दात झिजून हिरडीला टेकलेत. त्याला पिकलेलं केळ देतो, सालीवर काळे ठिपके आलेलं. पण नुसतं कुस्करलेलं केळ टाळूला चिकटतं. मग तो मान वाकडी करून जीभ आत-बाहेर करत बसतो आणि पाण्याकडे धावतो. म्हणून चमचाभर ताज्या दह्यात घोटून देतो, सरकन उतरतं. तेही बोटाच्या एका पेराएवढं केळ, जास्त नाही, साखर भरपूर असते त्यात. केळीचे वेफर मात्र घरात कितीही असले तरी नाही. मीठ, तेल, आणि कडा हिरडीला टोचतात.

*धुळेकर*

मी थोडं लांब लिहितो, कारण खाऊच्या आधी तोंड बघायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आमची लॅब्रडोर राणी अकरा वर्षांची. एके सकाळी उजव्या डोळ्याखाली सुपारीएवढी सूज. गल्लीत सगळे म्हणाले, गांधीलमाशी डसली असेल. डॉक्टरांनी डोळ्याकडे पाहिलंही नाही, सरळ ओठ वर केला. वरच्या जबड्यातली मोठी दाढ उभी चिरलेली होती. त्या दाढेला तीन मुळं असतात आणि ती डोळ्याच्या खालपर्यंत गेलेली असतात. मुळाशी पू झाला की सूज तिथे दिसते. दाढ चिरली कशाने, तर हाडाने.

त्या आधीचे काही आठवडे ती एकाच बाजूने चावत होती, घास उचलून परत खाली टाकत होती, तोंडाला वास येत होता. पण शेपूट हलत होती, जेवण संपत होतं. कुत्री दुखणं दाखवत नाहीत, खात राहतात. डॉक्टरांचं म्हणणं असं की दात गेलेल्यापेक्षा किडलेले, हलणारे दात तोंडात असलेलं कुत्रं जास्त सोसत असतं. आधी रक्त तपासलं, वय बघून भूल दिली, ती दाढ आणि आणखी काही दात काढले. दोनेक आठवड्यांत हिरड्या भरून आल्या.

आणि मग गंमत बघा, दात कमी झाल्यावर राणी जास्त आवडीने खायला लागली! कुत्रं तसंही माणसासारखं चावून बारीक करत नाही, तुकडा पाडतं आणि गिळतं. आता तिचा खाऊ म्हणजे तिचंच रोजचं कोरडं खाणं, मूठभर, कोमट पाण्यात फुलवून. बोटाने दाबलं की पिठासारखं मोडलं पाहिजे. कोमट पाण्याने वासही सुटतो. म्हातारपणी नाक मंदावतं, त्यामुळे फ्रिजमधून काढलेलं थंडगार खाणं ती हुंगून सोडून देते.

*जंक्शन, भुसावळ*

आमच्या ब्राउनीला किडनीचा त्रास. उकडलेल्या अंड्याचं फक्त पांढरं, किसणीवर किसून. पिवळ्यात फॉस्फरस जास्त म्हणून डॉक्टरांनी ते बंद केलंय. दही, पनीर पण मोजून. किडनी असलेल्यांनी या धाग्यातलं काहीही आधी डॉक्टरांना विचारून मगच द्या, ही हात जोडून विनंती.

*अमळनेरची सून*

आमच्याकडे कुत्र्याचा खाऊ आजेसासूबाईंच्या ताब्यात. मी बाजारातून चघळायची कांडी आणली तर म्हणाल्या, "त्याले दातच नही, तो काय चावी?" आणि कळण्याच्या भाकरीचा पापुद्रा सोडवून बाजूला ठेवला. वरचा कडक पापुद्रा नाही, आतला मऊ भाग कोमट वरणाच्या पाण्यात भिजवायचा आणि बोरापेक्षा लहान गोळ्या वळायच्या. वरण बिनफोडणीचं, मीठ घालायच्या आधी काढलेलं.

आपल्याकडचा खरा धोका फोडणीत आहे. शेवभाजीचा रस्सा, भरीत, ठेचा, सगळ्यात कांदा-लसूण. दोन्ही कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. पाहुणे प्रेमाने भाकरी रश्शात बुडवून पुढे करतात, तेव्हा आजेसासूबाई पाटावरून हात आडवा करतात. उन्हाळ्यात कुरडयांचा चीक शिजवला की मीठ टाकण्याआधी वाटीभर गार करून त्याच्यासाठी काढून ठेवतात. तो चीक खाताना त्याचे कान मागे जातात, डोळे मिटतात. बघत राहावं असं असतं ते.

*शहाद्याहून*

चावायची हौस दात गेल्यावरही जात नाही, हे आमच्या टायगरकडे बघून कळलं. चपला तोंडात धरून नुसताच चोळत बसायचा. त्याला आता चाटायचं काम दिलंय. स्टीलच्या ताटलीत उकडलेलं रताळं किंवा डांगर (लाल भोपळा) बोटाने पातळ थापायचं, कडेपर्यंत. ताटली फरशीवर सरकते, म्हणून खाली ओलं गोणपाट. पंधरा-वीस मिनिटं चाटत राहतो आणि मग दमून झोपतो. घाईने गिळून ठसका लागण्याची भीतीही नाही.

पपईच्या दिवसांत पिकलेली पपई, बिया आणि साल काढून. मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, तेव्हा हीच पपई दही घालून बर्फाच्या साच्यात गोठवतो. पण अख्खा खडा देत नाही, तो घशात जाऊन बसायचा. बत्त्याने फोडून, थोडं पाणी सुटू देऊन वाटीत. उघड्या हिरडीला फार गार लागलं तर तोंड मागे घेतो, म्हणून मी आधी बोटावर देऊन बघते.

*पाचोरा, पशुवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला*

धुळेकर दादांनी हाडाचं लिहिलं ते फार महत्त्वाचं. दोन-चार दाढा उरल्यात म्हणून "व्यायाम" होईल या समजुतीने खूर, शिंग, वाळवलेलं हाड, कडक चीजची कांडी देतात, आणि उरलेल्या दाढाही जातात. साधी परीक्षा: अंगठ्याचं नख रोवून बघा. खूण उठली नाही तर वस्तू दातांना फार कडक. सोनूसारख्यांना तर त्याहून खूप मऊ हवं. कच्च्या कातड्याच्या कांड्याही नकोत. लाळेने मऊ झालेला तुकडा न तोडता तसाच आत ओढला जातो.

मनुके, द्राक्षं आणि चिंच कधीच नाही, किडनी निकामी होऊ शकते. शेंगदाण्याचं लोणी चालतं, पण डब्यावर झायलिटॉल लिहिलेलं नको. बिनसाखरेच्या पदार्थांत ते असतं, आणि त्याने कुत्र्याची रक्तातली साखर झपाट्याने उतरते, यकृतही जातं. माणसाची टूथपेस्टही याच कारणाने नाही. दिवसभराचा खाऊ एकूण उष्मांकांच्या दहाव्या भागात बसवा. गोळी भरवायला पेढा वापरतात, त्यापेक्षा उकडलेल्या चिकनच्या काळजाचा वाटाण्याएवढा तुकडा कुस्करून त्यात गोळी दडवा. काळीज रोज मात्र नको, अ जीवनसत्त्व साचतं.

*शिरपूर, मेन रोडवरचं दुकान*

माझं कुत्रं पाळलेलं नाही, पण लिहितोच. दुकानासमोर काळू म्हणून एक म्हातारा असतो, खालचे दात जवळजवळ नाहीत, जीभ एका बाजूने बाहेर. लोक ग्लुकोजची बिस्किटं फेकतात. त्यात साखर-मैदा, आणि काळू तोंडात घोळवेपर्यंत तरणी कुत्री हिसकावून नेतात. त्यांच्याशी भांडायला गेला तर मारही खातो.

म्हणून शटर अर्धं ओढून त्याला आत घेतो. घरून डब्यात उकडलेलं अंडं आणि भात कुस्करून आणतो, पेजेइतकं पातळ, आणि उथळ परातीत देतो, कारण खोल भांड्यात नाक बुडतं. बाहेरच्यांना त्याच वेळी लांब, पलीकडच्या कोपऱ्यावर भाकरी टाकायची, म्हणजे इकडे गर्दी नाही. शेजारचे दुकानदार आधी नको म्हणायचे, आता सुट्टीच्या दिवशी मी नसलो तर तेच परात बाहेर काढतात. आपापल्या गल्लीत असा एखादा असेल तर बिस्किटाऐवजी हे करून बघा. आणि ताई, सोनूसाठी अंड्याचा किस करून बघा, कोमट असतानाच.