दादाला स्किझोफ्रेनिया आहे, मला किंवा माझ्या मुलांना होण्याची शक्यता किती?

अबोली_ठाणे

नमस्कार, थोडं मोठं लिहितेय. माझ्या सख्ख्या मोठ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना सुरू झालं, आता गोळ्यांवर बऱ्यापैकी स्टेबल आहे, सकाळी दूध आणतो, पेपर अख्खा वाचतो, फक्त गर्दीत जात नाही. सध्या माझ्यासाठी स्थळं बघतायत आणि घरात रोज तोच वाद, समोरच्यांना सांगायचं का. मी म्हणते सांगायचंच, पण आधी मला तरी कळू दे की आनुवंशिक म्हणजे नक्की किती. त्यात मावशीने एक व्हिडिओ फॉरवर्ड केला की गरोदरपणी आईने घेतलेला ताण एपिजेनेटिक्समुळे बाळाच्या डीएनएवर कायमचा बसतो आणि सात पिढ्यांना जातो. दादाच्या वेळी आईला सातवा महिना होता तेव्हा आजोबा गेले. व्हिडिओ बघितल्यापासून आई धड जेवत नाहीये, म्हणते माझ्यामुळेच झालं. कुणाला नीट माहिती असेल तर प्लीज सांगा.

सायकिअॅट्री_रेसिडेंट

आधी आईंचं बोलू, कारण ते जास्त अर्जंट आहे. डेन्मार्कमध्ये १३ लाखांहून जास्त जन्मांच्या नोंदी तपासून 2008 मध्ये नेमका हाच प्रश्न विचारला गेला होता, गरोदर असताना जवळचं कुणी गेलं तर मुलाला स्किझोफ्रेनियाचा धोका वाढतो का. पहिल्या तीन महिन्यांत तसं झालेल्यांमध्ये थोडा वाढलेला दिसला, नंतरच्या महिन्यांत नाही. आईंना सातवा होता. हे त्यांना शेजारी बसवून वाचून दाखवा.

व्हिडिओवाले बहुतेक हॉलंडच्या दुष्काळावरून बोलतात. 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्नपुरवठा तोडला, माणशी रेशन दिवसाला हजार कॅलरींच्याही खाली गेलं. त्या ऐन उपासमारीत ज्यांचा गर्भ राहिला त्या मुलांमध्ये स्किझोफ्रेनिया साधारण दुप्पट आढळला, आणि साठीच्या आसपास त्यांचं रक्त तपासलं तेव्हा आयजीएफ२ नावाच्या जीनवरचं मेथिलेशन (म्हणजे डीएनएवर लागणाऱ्या छोट्या रासायनिक खुणा) त्यांच्या भावंडांपेक्षा कमी निघालं. म्हणजे खुणा राहतात हे खरं. पण दुप्पट म्हणजे १ टक्क्याचे २ टक्के, १०० पैकी ९८ जणांना तेव्हाही काही झालं नाही. आणि त्या रक्तातल्या खुणेमुळेच मेंदूत आजार झाला असं कुणी सिद्ध केलेलं नाही.

एपिजेनेटिक म्हणजे काय तर वहीतली अक्षरं तीच राहतात, फक्त काही पानं स्टेपल करून बंद होतात. त्यातली बरीच स्टेपल गर्भ तयार होताना निघून जातात, म्हणून सात पिढ्यांचा हिशोब माणसांच्या बाबतीत टिकत नाही. शिवाय स्टेपल आयुष्यभर लागत-निघत असतात, सिगरेट ओढली तरी मेथिलेशन बदलतं आणि सोडल्यावर बरंचसं परत येतं.

आता आकडे. सर्वसाधारण लोकांत आयुष्यभरातली शक्यता १ टक्क्याच्या आसपास. सख्ख्या भावंडाला असेल तर साधारण ९, आणि भाचरांना, म्हणजे तुमच्या मुलांना, ४ च्या आसपास, हे जुन्या युरोपियन फॅमिली स्टडीजवरून काढलेले आकडे आहेत. जुळ्यांवरच्या अभ्यासातून आनुवंशिकता ८० टक्के सांगतात ते ऐकून लोक हादरतात, पण त्याचा अर्थ तुम्हाला ८० टक्के धोका असा अजिबात नाही, लोकांमध्ये जो फरक दिसतो त्यातला किती जीन्समुळे एवढंच ते सांगतं. अगदी एकसारख्या जुळ्यांतही एकाला असताना दुसऱ्याला निम्म्याहून जास्त वेळा होत नाही. आणि एक असा "स्किझोफ्रेनियाचा जीन" नसतो, 2022 च्या मोठ्या अभ्यासात जीनोमवर २८७ ठिकाणं सापडली, बहुतेकांचा वाटा चिमूटभर.

नाशिकचा_विन्या

माझ्या वडिलांना बायपोलर आहे, लिथियमच्या गोळ्यांवर आहेत. पोहे खाऊन झाल्यावर मी स्वतःच मुलीला आणि तिच्या भावाला बाजूला घेऊन सांगितलं, आजाराचं नाव, गोळ्या, शेवटचं अॅडमिशन कधी झालं, सगळं. दोन ठिकाणांहून नंतर फोनच आला नाही, वाईट वाटलं. तिसरीकडे तिने विचारलं की बाबांची झोप बिघडली की तुम्ही काय करता, आज ती माझी बायको आहे आणि बाबांची रक्तातली लिथियम लेव्हल तपासायची तारीख तिलाच आधी आठवते. लपवून केलेल्या लग्नात गोळ्यासुद्धा लपवाव्या लागतात हो, आमच्या नात्यात तसं झालं, गोळ्या बंद झाल्या आणि सहा महिन्यांत सगळं कोसळलं.

अबोली_ठाणे

आईला वाचून दाखवलं, "सातवाच होता ना गं" असं दोनतीनदा विचारलं आणि रडली, पण रात्री जेवली. थँक्यू दोघांनाही. एक शेवटचं, एक चुलतभाऊ म्हणतो ऑनलाइन थुंकीची डीएनए टेस्ट करून घे म्हणजे लग्नाआधी कळेल. करू का?

सायकिअॅट्री_रेसिडेंट

नको, पैसे वाचवा. अशा टेस्टमध्ये डीएनएवरून धोक्याचा जो रिस्क स्कोअर काढतात, ते स्कोअर मुख्यतः युरोपियन वंशाच्या लोकांच्या डेटावर बनलेत, आपल्याकडे अजूनच कमी चालतात आणि तिकडेही एकट्या माणसाला होईल की नाही ते सांगू शकत नाहीत. एकच अपवाद, दादाला लहानपणी हृदयाचा जन्मजात दोष, टाळूला फट किंवा शिकण्यात बराच त्रास असं काही असेल तर त्याच्या डॉक्टरांना २२क्यू११ डिलीशनबद्दल (बाविसाव्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गायब असणं) विचारा, ती तपासणी आधी त्याची होते, तुमची नाही. तुमच्या हातातलं म्हणाल तर गांजापासून लांब राहा, घरात असा आजार असताना तो खरंच धोका वाढवतो. आणि आईंना पुढच्या व्हिजिटला दादाबरोबर आत घेऊन जा, त्यांना डॉक्टरांना काय विचारायचंय ते आज रात्रीच कागदावर लिहून घ्या.